पंखे फिरतायत, पण डिस्प्ले नाही!

शनिवार, रात्रीचे पावणेनऊ. सावेडीतलं आमचं घर. हॉलमधला टीपॉय भिंतीला सरकवलेला, जमिनीवर थर्माकोल, प्लास्टिकच्या पिशव्या, रिकामी खोकी आणि मधोमध काचेच्या दाराचा एक नवाकोरा कॅबिनेट. आई, पप्पा आणि आमची धाकटी सोफ्यावर रांगेत बसलेले. उद्घाटनाला बसतात तसे. नारळ तेवढा नव्हता.

मी बटण दाबलं.

भर्रकन पंखे फिरले. आरजीबीचे दिवे लाल, निळे, जांभळे होत नाचायला लागले. गणपतीतल्या मंडळाच्या रोषणाईने लाजावं असा थाट! आईनं चक्क टाळी वाजवली. आणि मॉनिटर? काळ्याभोर पडद्यावर एक इवलासा चौकोन आला, 'नो सिग्नल', आणि पाच सेकंदांनी तोही गेला.

'होईल, होईल,' मी म्हणालो. धाकटी काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा जास्त टेन्शन येतं.

कॉम्प्युटरवाला दादा

आधी थोडा फ्लॅशबॅक. मी पुण्यात एका आयटी कंपनीत आहे. दिवसभर कोड लिहितो, म्हणजे निम्मा दिवस मीटिंगा आणि उरलेल्या वेळात कोड. हार्डवेअरशी माझा संबंध यूट्यूबपुरता. पण तुम्हीही माझ्यासारखे असाल तर तुम्हाला माहितीये, गावाकडे 'तो कॉम्प्युटरमध्ये आहे' याचा अर्थ फार मोठा असतो. काकांचा प्रिंटर अडकला, मावशीच्या मोबाईलमधली जागा संपली, शेजाऱ्यांचं वायफाय गेलं, की फोन आपल्यालाच. आणि आपणही 'मला त्यातलं कळत नाही' असं कधी म्हणत नाही. इज्जत का सवाल!

तर आमच्या धाकटीनं दोन वर्षं पुण्यात एका इंटिरिअर डिझायनरकडे नोकरी केली आणि मग ठरवलं की नगरला परत यायचं, स्वतःचं काम करायचं. (कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर. पण आमच्या घरी अजून 'नगरला कधी येतोस' असंच विचारतात.) पहिली ऑर्डर पाइपलाइन रोडवरच्या एका क्लिनिकची मिळाली. मंगळवारी डॉक्टरांना थ्रीडी चित्रं दाखवायची. तिचा जुना लॅपटॉप एक चित्र रेंडर करायला रात्र घ्यायचा आणि सकाळी विमानासारखा आवाज करून गरम पडलेला असायचा. म्हणून नवा डेस्कटॉप. बजेट नव्वद हजार, आणि ते सगळे तिचे. दोन वर्षांच्या पगारातून साठवलेले.

तिचं म्हणणं साधं होतं. दुकानात सांगू, ते जोडून देतील. दुकानदार जोडणीचे हजार-दीड हजार मागत होता. आणि इथे माझ्यातला मोठा भाऊ जागा झाला. 'हजार रुपये कशाला घालवतेस? मी आहे ना!'

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्याचा हिशोब होणार आहे.

सुटे भाग मी पुण्यातल्या एका दुकानातून घेतले. आमच्या मुंबईकर मित्रांसाठी जसा लॅमिंग्टन रोड (बोर्डावर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, बोलताना मात्र लॅमिंग्टनच), तसं माझं ते ठरलेलं दुकान. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर५ची सोळा-सोळा जीबीची दोन कार्डं, एक बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, एसएमपीएस. सगळी खोकी गाडीत घातली, वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये नेहमीचा एक तास घालवला आणि दुपारी घरी पोचलो. पाच तास जोडणी. आणि पावणेनऊला, वर सांगितलं ते.

हजेरी

कॉम्प्युटरचं बटण दाबल्यावर आत नेमकं काय होतं? मला हे कॉलेजात शिकवलं होतं. मी ते परीक्षेपुरतं पाठ केलं आणि विसरलो. त्या रात्री परत शिकलो.

बटण दाबलं की एसएमपीएस जागा होतो. आपला २३० व्होल्टचा करंट तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा करून सगळीकडे वाटतो आणि 'सप्लाय नीट आहे' असा एक सिग्नल मदरबोर्डला देतो. मग प्रोसेसर उठतो आणि बायोसच्या चिपमध्ये लिहून ठेवलेला प्रोग्रॅम चालवायला लागतो. हा प्रोग्रॅम पहिल्यांदा शाळेतल्या बाईंसारखी हजेरी घेतो. प्रोसेसर? हजर. रॅम? हजर. ग्राफिक्स? हजर. डिस्क? हजर. या हजेरीला पोस्ट म्हणतात, पॉवर-ऑन सेल्फ टेस्ट. ती पूर्ण झाली तरच विंडोजचा नंबर. मधे कुणी 'हजर' म्हटलं नाही तर बाई तिथेच थांबतात. पुढचं नाव घेतच नाहीत.

पंखे आणि दिवे यांचा या हजेरीशी काही संबंध नाही. त्यांना फक्त करंट लागतो. म्हणजे पंखे फिरतायत याचा अर्थ एवढाच, की लाईट आहे!

आमच्या घरी पहिला पीसी २००४ मध्ये आला. पेंटियम ४, अर्थातच असेंबल केलेला. तेव्हा हजेरीत कुणी गैरहजर असेल तर कॅबिनेटमधला छोटा स्पीकर बोंब मारायचा. लांब बीप, तोकडे बीप, त्यांचे अर्थ ठरलेले. आता बहुतेक बोर्डांबरोबर तो स्पीकर येतच नाही. त्याऐवजी बऱ्याच बोर्डांच्या कडेला चार बारीक एलईडी असतात आणि शेजारी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. हजेरी जिथे अडकली, तो दिवा लागून राहतो. आरजीबीच्या झगमगाटात हे चार दिवे मला पहिला अर्धा तास दिसलेच नाहीत!

पप्पांचा टेस्टर

मी नेटवर 'रायझन नो डिस्प्ले' शोधत होतो तेवढ्यात पप्पा शांतपणे उठले, कपाटावरचा टेस्टर घेऊन आले आणि मला बाजूला व्हायला सांगितलं.

'पप्पा, पंखे फिरतायत म्हणजे लाईट आहे.'

'त्या टीव्हीत आहे का?' पप्पांना मॉनिटरही टीव्हीच.

मॉनिटरला लाईट होती. मग त्यांनी मॉनिटरची वायर बोटानं धरली आणि तिच्या मागेमागे जात कॅबिनेटपर्यंत पोचले. 'ही इथं वर लावलीय. खाली दुसऱ्या पट्टीवर पण अशीच जागा आहे. ती कशाला आहे?'

मंडळी, ती 'दुसरी पट्टी' म्हणजे ग्राफिक्स कार्ड. बत्तीस हजारांचं. आणि मी मॉनिटरची केबल लावली होती मदरबोर्डच्या एचडीएमआयला. ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असताना चित्र त्या कार्डातून बाहेर येतं. हे मला माहीत होतं. शप्पथ माहीत होतं! पण पाच तास वाकून पाठ मोडल्यावर हाताला जे भोक पहिलं लागलं त्यात मी वायर खुपसली.

केबल बदलली. बटण दाबलं. पंखे, दिवे, नाच. आणि 'नो सिग्नल'.

खरं सांगू? मला क्षणभर बरंच वाटलं. एवढ्याशा चुकीसाठी पप्पांनी टेस्टर घेऊन मला हरवलं असतं, तर पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नात हा किस्सा ऐकावा लागला असता. (आता ऐकावा लागणारच आहे. मीच छापतोय.)

लाल दिवा, पिवळा दिवा

यानंतर धाकटी जमिनीवर येऊन बसली, मोबाईलचा टॉर्च कॅबिनेटमध्ये मारला आणि म्हणाली, 'दादा, इथे एक लाल दिवा एकटाच लागलाय. बाकीचे रंग बदलतात, हा बदलत नाही.'

सीपीयूचा दिवा. म्हणजे हजेरीतलं पहिलंच नाव गैरहजर.

पोटात गोळा आला. प्रोसेसर बसवताना सॉकेटमधली पिन वाकली की काय? पूर्वी एएमडीच्या प्रोसेसरखालीच पिना असायच्या. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ सॉकेटपासून त्या मदरबोर्डवर गेल्या. केसापेक्षा थोड्या जाड, १,७१८ पिना. एक जरी वाकली तरी बोर्ड गेल्यात जमा, आणि अशी वाकलेली पिन सहसा वॉरंटीत धरत नाहीत.

पण उघडण्याआधी एक गोष्ट बघायची असते, आणि ती मी बघितली. मदरबोर्डला दोन ठिकाणी करंट लागतो. एक चोवीस पिनांचा जाडजूड कनेक्टर, जो सगळ्यांना दिसतो. दुसरा वरच्या डाव्या कोपऱ्यात, आठ पिनांचा, खास प्रोसेसरसाठी. हा कोपरा इतका अडचणीचा असतो की तिथे हात जात नाही. माझा कनेक्टर जागेवर होता, पण 'खट्' झालं नव्हतं. अर्धाच आत गेलेला. बाहेरून बघितलं तर अगदी नीट बसलेला वाटावा असा.

एसएमपीएस बंद, प्लग काढला, अंगठ्यानं दाबला. खट्! परत सुरू. लाल दिवा लागला आणि... विझला! घरात जल्लोष. आई देवापुढे साखर ठेवायला उठली सुद्धा.

मग लाल दिव्याच्या शेजारचा पिवळा दिवा लागला. डीरॅम. आणि लागूनच राहिला.

रबर मारू का?

तीस सेकंद बघितलं. काही नाही. बंद केलं. दोन्ही रॅम काढल्या, परत दाबून बसवल्या. सुरू. पिवळा दिवा. तीस सेकंद. बंद.

रॅम चुकीच्या खाचांत आहेत का, बघितलं. चार खाचा असतील आणि कार्डं दोनच, तर ती शेजारी-शेजारी लावायची नसतात. प्रोसेसरकडून मोजत दुसरी आणि चौथी. ते बरोबर होतं. सुरू. पिवळा दिवा. तीस सेकंद. बंद.

'रबर मारून बघ ना,' आई म्हणाली. हसू नका! २००४ च्या त्या पीसीला आमच्याकडे येणारा मेकॅनिक दर दोन महिन्यांनी हेच करायचा. रॅम काढायची, शाळेचं खोडरबर घेऊन तिच्या सोनेरी पट्ट्या घासायच्या, फुंकर मारायची, परत लावायची. नगरच्या धुळीत आणि दमट पावसाळ्यात त्या पट्ट्यांवर थर चढायचा आणि रबरानं तो निघायचा. पीसी खरंच चालू व्हायचा. आईच्या मते कॉम्प्युटर इंजिनिअरिंग म्हणजे मुख्यतः खोडरबर. पण ही रॅम त्याच दिवशी सीलबंद पाकिटातून काढलेली. तिला काय घासणार?

तरी मी घासली. खोटं कशाला बोलू.

सुरू. पिवळा दिवा. तीस सेकंद. बंद.

आधी छोटा, मग मोठा

आता शेवटचा उपाय. मदरबोर्ड कॅबिनेटमधून पूर्ण बाहेर काढायचा, त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवायचा आणि जेवढं नसून चालणारच नाही तेवढंच लावायचं. प्रोसेसर, त्याचा पंखा, एकच रॅम, एसएमपीएस. ग्राफिक्स कार्ड नको, डिस्क नको, दिवे नकोत. (या प्रोसेसरमध्ये कामापुरतं ग्राफिक्स असतं, म्हणून आता केबल परत मदरबोर्डला. ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असतो, त्यांत ते नसतं. तिथे कार्ड लागतंच.) कॅबिनेटचं बटण नाही, तर बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रू-ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवायचं. एवढ्यावर चालला तर एकेक वस्तू वाढवत न्यायची. ज्या वस्तूवर अडेल, ती गुन्हेगार.

ही पद्धत काही यूट्यूबवाल्यांनी शोधलेली नाही. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये पन्नासच्या दशकात आपल्या इंजिनिअर मंडळींनी स्वतः कॉम्प्युटर बनवायला घेतला, तेव्हा थेट मोठं यंत्र केलं नाही. आधी एक छोटं प्रायोगिक यंत्र केलं. ते १९५६ मध्ये चाललं, मगच मोठं हाती घेतलं आणि ते १९६० मध्ये सुरू झालं. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. विचार करा, हजेरीत २,७०० नावं! १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं टिफ्रॅक. आमच्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात १९४२ पासून १९४५ पर्यंत कैदेत होते, तेच नेहरू. तेव्हा नगरचा आणि नव्या कॉम्प्युटरचा संबंध तसा जुना आहे, असं मी धाकटीला सांगितलं. ती म्हणाली, 'त्यांचा चालू झाला ना?'

मी गप्प बसलो आणि स्क्रू काढायला लागलो.

पुठ्ठ्यावर बोर्ड. एक रॅम. स्क्रू-ड्रायव्हर टेकवला. पिवळा दिवा. तीस सेकंद. बंद. रॅम बदलली, दुसरी लावली. पिवळा दिवा. तीस सेकंद...

रात्रीचे साडेदहा. धाकटी हळूच म्हणाली, 'दादा, मी डॉक्टरांना सांगू का, की शुक्रवारी देते म्हणून?' पहिलीच ऑर्डर, आणि पहिलंच वाक्य 'उशीर होईल'. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं.

आणि मग मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. मी दुकानदाराला व्हॉइस मेसेज पाठवला. पावणेदोन मिनिटांचा. डिफेक्टिव्ह माल विकता, दोन्ही रॅम डेड आहेत, गिऱ्हाईक गावाकडचं दिसलं की काहीही खपवता, पैसे परत पाहिजेत. आवाज चढवून. 'मी स्वतः इंजिनिअर आहे' हेही त्यात होतं.

शेंगोळे

'जेवायला या,' आईची तिसरी हाक.

'पाच मिनिटं आई, एवढं बघून येतो.'

'हुलग्याचे शेंगोळे आहेत. गार झाले की लगदा होतो. उठा!'

मी परत एकदा स्क्रू-ड्रायव्हर टेकवला होता. पिवळा दिवा लागला होता. तेवढ्यात पप्पा स्वतः येऊन उभे राहिले, म्हणून मी उठलो. वैतागून. बंद न करताच. चालू राहू दे, जळू दे, काय व्हायचं ते होऊ दे!

शेंगोळे गरम होते. वर कच्चं तेल, शेजारी कांदा. कुणी कॉम्प्युटरचा विषय काढला नाही, म्हणजे सगळ्यांच्या डोक्यात तोच होता. वीस मिनिटांनी हात धुऊन मी पसारा आवरायला म्हणून हॉलमध्ये गेलो.

मॉनिटर उजळलेला होता.

काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं. अर्थ असा, की नवा प्रोसेसर बसवलेला दिसतोय, पुढे जायचं असेल तर वाय दाबा, नाहीतर एन. किती वेळ ते बिचारं तसंच उत्तराची वाट बघत बसलं होतं कोण जाणे.

मी ओरडलो की काय केलं आठवत नाही. धाकटी उष्ट्या हातानं पळत आली.

तबला लावणं

झालं असं होतं. डीडीआर५ रॅम फार वेगात काम करते. आमची ६,००० मेगाट्रान्स्फरची, म्हणजे एकेका तारेवर सेकंदाला सहाशे कोटी वेळा डेटा. एवढ्या वेगात प्रोसेसर आणि रॅम यांचा ताल केसभर जरी चुकला तरी सगळा गोंधळ. म्हणून पहिल्यांदा सुरू करताना बोर्ड प्रत्येक तारेची वेळ आणि व्होल्टेज थोडं मागे-पुढे करून बघतो, जुळवतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. मैफलीआधी तबलजी हातोडीनं ठोकून तबला लावतो ना, तसं. हे चालू असताना पडदा काळाच असतो आणि रॅमचा दिवा लागलेला. एक मिनिट लागतं, कधी तीन, जास्त रॅम असेल तर त्याहून जास्त. एकदा जुळलं की बोर्ड ते लक्षात ठेवू शकतो आणि मग दर वेळी इतका वेळ लागत नाही. पण मधेच बंद केलं, किंवा रॅम बदलली, तर परत पहिल्यापासून.

म्हणजे पावणेदोन तास मी काय करत होतो? तबला लागत आला की तबलजीला उठवून बाहेर काढत होतो! पिवळा दिवा म्हणत होता 'थांबा', आणि मी ऐकत होतो 'बिघडलंय'.

आठ पिनांचा कनेक्टर ही खरी चूक होती, आणि ती तर दहा वाजायच्या आत निस्तरली होती. त्यानंतर कॉम्प्युटर ठीक होता. बिघाड माझ्या तीस सेकंदांत होता. तीस सेकंद कुठून आले? ते कुठल्या मॅन्युअलमध्ये लिहिलेले नाहीत. लिफ्ट आली नाही की परत बटण दाबायचं, मेसेजला दोन निळ्या टिका आल्या की लगेच उत्तर पाहिजे, पान उघडलं नाही की रिफ्रेश. आपल्या ऑफिसच्या जगातले ते तीस सेकंद. मॅन्युअल मात्र खोक्याच्या तळाशी होतं, आणि पहिल्यांदा सुरू होताना वेळ लागेल, ही सूचना त्यात छापलेली होती.

मोबाईल बघितला. दुकानदाराचं उत्तर बावीस मिनिटांपूर्वी आलं होतं. रात्री पावणेअकराला, शनिवारी. एकच ओळ: 'सर, पहिल्यांदा ऑन केल्यावर किती वेळ थांबलात? दहा मिनिटं हात न लावता राहू द्या, नाही झालं तर रॅम बदलून देतो.'

ना चिडणं, ना टोमणा. माझ्या पावणेदोन मिनिटांच्या आरडाओरड्याला एक साधा प्रश्न. त्याला नेमकं काय विचारायचं ते कळत होतं. जोडणीचे हजार रुपये तो ज्याचे मागत होता, ते हेच.

मी माफी मागितली. आधी टाईप करायला घेतली, मग वाटलं, शिव्या आवाजात आणि माफी अक्षरात, हे बरोबर नाही. परत व्हॉइस मेसेज केला. या वेळी वीस सेकंदांचा. त्याचं उत्तर आलं: 'होतं सर. आठवड्यात दोन फोन तरी असे असतातच.'

मग सगळं परत कॅबिनेटमध्ये बसवलं. दोन्ही रॅम लावल्या म्हणजे ट्रेनिंग पुन्हा होणार. बटण दाबलं, सगळे घड्याळाकडे बघत बसलो. पहिलं मिनिट काळं. दुसरं मिनिट काळं. माझा हात दोनदा बटणाकडे गेला आणि दोन्ही वेळा धाकटीनं तो धरला. दोन मिनिटं चाळीस सेकंद. पडदा उजळला. पप्पा म्हणाले, 'झोपा आता.'

कापून ठेवा: नवा पीसी सुरू होत नसेल तर

१. काहीच हलत नसेल तर बाहेरून सुरुवात करा. बोर्डात लाईट आहे का, एसएमपीएसच्या मागचं बटण चालू बाजूला आहे का, कॅबिनेटच्या बटणाची वायर बरोबर पिनांवर आहे का.

२. पंखे फिरतात पण चित्र नाही? मॉनिटरची केबल बघा. ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाला.

३. बोर्डावरचे चार बारीक दिवे शोधा. जो लागून राहतो, तिथे अडलंय.

४. चोवीस पिनांचा आणि आठ पिनांचा, दोन्ही कनेक्टर 'खट्' होईपर्यंत दाबा. ग्राफिक्स कार्डाला वेगळा कनेक्टर लागत असेल तर तोही.

५. रॅम दोन असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. मग दहा मिनिटं थांबा. खरंच दहा. घड्याळ लावून.

६. तरी नाही? बोर्ड पुठ्ठ्यावर काढा, कमीत कमी सामान लावा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही. बोर्ड काढल्यावर कॅबिनेटमधले पितळी स्टँड बोर्डाच्या भोकांखालीच आहेत ना, तेही बघा. एखादा जास्तीचा असेल तर शॉर्ट होतो.

७. प्रोसेसर नवा आणि बोर्ड जुन्या स्टॉकमधला असेल तर बायोस जुना असू शकतो. उदाहरणार्थ, ऑगस्ट २०२४ मध्ये आलेले रायझन ९००० त्याआधी बनलेल्या बोर्डांना बायोस अपडेट केल्याशिवाय ओळखू येत नाहीत. काही बोर्डांवर पेन ड्राइव्ह लावून बायोस बदलायचं बटण असतं. नसेल तर दुकानात जा.

८. बायोसची सेटिंग बिघडल्याची शंका असेल तर प्लग काढून बोर्डावरचा नाण्याएवढा सेल (सीआर२०३२) काही मिनिटं बाहेर ठेवा.

९. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तो कॉम्प्युटरचा नाही, घरातल्या अर्थिंगचा प्रश्न असू शकतो. वायरमनला बोलवा. आणि एसएमपीएस कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आत करंट साठलेला राहतो.

१०. दुकानदाराला फोन करा. शांतपणे. आणि शिव्या द्यायच्या असतील तर वरचे नऊ मुद्दे झाल्यावर.

ता. क. : मंगळवारी धाकटीनं क्लिनिकची चित्रं वेळेवर दिली. डॉक्टरांनी वेटिंग रूमचा रंग बदलायला सांगितला, बाकी सगळं पास. पुढच्या शनिवारी मी घरी गेलो तर कॅबिनेटच्या काचेवर तिच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवलेली होती: 'रॅम बदलल्यास प्रथम जेवून घ्यावे.' आणि खाली बारीक अक्षरात: 'दादाचे हजार रुपये बाकी.'